मदत हवी आहे: मशीन वीस वर्षं चालतं, नेटवर्क दहा वर्षांत बदलतं, मग कारखान्यात जोडणी कशी करायची? (कुपवाड एमआयडीसी, सांगली)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा लांबलाय पण पूर्ण वाचून सांगा प्लीज, कारण दोन महिन्यांत निर्णय घ्यायचाय आणि एकदा पैसे घातले की परत घालायची ताकद लगेच नाही.

आमची कुपवाडला छोटी फाउंड्री आणि त्याला लागूनच मशीन शॉप आहे. पप्पांनी चालू केलेली, आता सहा वर्षं झाली मी बघते. पंपाची केसिंग, इम्पेलर, थोडं ट्रॅक्टरचं काम. दोन इंडक्शन भट्ट्या (विजेवर धातू वितळवणाऱ्या), नऊ सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारी कटिंग मशीन), तीन व्हीएमसी (त्यातलीच उभ्या स्पिंडलची). त्यातल्या चार मशीनला फक्त जुना आरएस-२३२ (सिरियल केबलचा) पोर्ट आहे, बाकीच्यांना इथरनेट आहे पण आजवर त्यात कधी केबल घातलेली नाही, प्रोग्राम अजून पेनड्राइव्हनेच जातो.

झालंय असं की पुण्याच्या आमच्या मोठ्या कस्टमरने सप्लायर फॉर्म पाठवलाय. प्रत्येक पार्टचा हीट नंबर (भट्टीतल्या कुठल्या वितळणीचा माल ते), ओततानाचं टेंपरेचर, कुठल्या मशीनवर कधी झाला, हे सगळं डिजिटल पाहिजे, आणि शेवटी एक कॉलम आहे की तुमच्या युनिटचा पुढच्या पाच वर्षांचा कनेक्टिव्हिटी प्लॅन काय. तिथं काय लिहायचं तेच कळेना झालंय.

आत्ता आमच्याकडे कसं चालतं सांगते. भट्टीवरचा मुलगा टेंपरेचर बघून वहीत लिहितो, हातमोजा काढून, घाईत, कारण लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) भरलेलं असतं. मागच्या महिन्यात ब्लोहोलमुळे (धातूत हवेची पोकळी राहून) चाळीसच्या वर केसिंग परत आल्या आणि त्या कुठल्या हीटच्या ते शोधायला मी ती वही घेऊन बसले तर नेमक्या त्या पानावर कूलंट सांडून शाई पसरलेली. ३ आहे का ८ आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही, शेवटी दोन्ही हीटचा सगळा माल रिजेक्ट धरला.

आता तुम्ही म्हणाल मग आधीच का नाही केलं. केलं होतं! २०१७ ला एका सप्लायरकडून दोन्ही भट्ट्यांना डेटा लॉगर (आपोआप नोंद ठेवणारे डबे) बसवले होते, आत सिमकार्डवाला ३जी मोडेम. चांगले चालले, युनिट किती जळतं ते मोबाइलवर दिसायचं. मग आमच्या भागात ज्या कंपनीचं सिम होतं तिनं ३जी बंद केलं. मोडेम २जीवर यायला लागला, ते पण धड नाही, मधेच डेटा गायब. सप्लायरला फोन केला तर म्हणाला मोडेम बोर्डावरच सोल्डर केलेला आहे, पूर्ण लॉगर बदलावा लागेल. आणि सगळा जुना डेटा त्याच्या सर्व्हरवर, तो पण मिळाला नाही. दोन डबे अजून भिंतीला आहेत, लाल लाइट लुकलुकतोय. पप्पा येता जाता त्यांच्याकडे बघतात, बोलत काही नाहीत, पण मला ते फार लागतं.

म्हणून या वेळी नुसतं कोटेशन बघून ठरवायचं नाही असं पक्कं केलंय. तीन जण येऊन गेले. पहिला म्हणतो स्वतःचं प्रायव्हेट ५जी (फक्त कारखान्यापुरतं नेटवर्क) टाका, आकडा असा की तेवढ्यात अजून एक व्हीएमसी येईल. दुसरा म्हणतो वायफाय बास. तिसरा म्हणाला थांबा, २०३० ला ६जी येतंय, आत्ता घालाल ते वाया जाईल.

मी माझ्या परीनं वाचलंय. आपल्याकडे ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला चालू झालं. भारत ६जी व्हिजनचा कागद मार्च २०२३ मध्ये आला, त्यात २०३० चं ध्येय आहे. जागतिक दूरसंचार संघानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ६जीची चौकट पण ठरवली, त्यात एआय आहे, आणि नेटवर्कनंच रडारसारखं वस्तू ओळखायची सोय आहे, एक ते दहा सेंटिमीटरपर्यंत जागा सांगायचं टार्गेट आहे. शेडमधली ट्रॉली कुठं आहे ते बिनासेन्सर कळेल असं काहीतरी. वाचायला भारी वाटतं पण माझ्या भट्टीला उद्या काय लावू?

अजून एक गोष्ट, आमचं शेड सगळं पत्र्याचं आहे, आत फोनला एकच कांडी असते. आणि २०१९ च्या महापुरात कुपवाडला पाणी नव्हतं पण घरी गावभागात टॉवर बंद पडून दोन दिवस कुणाला फोन लागत नव्हता, ते डोक्यातून जात नाही, नेटवर्क गेलं तर भट्टीचा डेटा पण जाणार का? आणि २०२३ मध्ये देशात कॉलेजांना १०० ५जी लॅब दिल्या होत्या, आपल्या जवळपासच्या कुठल्या कॉलेजात आहे का, कुणी सर लोक येऊन बघतील का? पैसे देऊ आम्ही, फुकट नको.

---

प्रतिसाद १ (साताऱ्याहून)

ताई, मी टेलिकॉममध्ये आहे, साइट ऑप्टिमायझेशन, सातारा सांगली कोल्हापूर पट्ट्यातच फिरतो. तुमचे ते दोन लाल लाइट वाचून वाईट वाटलं, कारण असे डबे मी ऊस पट्ट्यातल्या पंपांवर पण बघितलेत.

६जीसाठी थांबायचं अजिबात नाही. त्याचं पहिलं स्टँडर्ड ३जीपीपीच्या (मोबाइल नेटवर्कची स्टँडर्ड ठरवणारी जागतिक संस्था, ती टप्प्याटप्प्यानं 'रिलीज' काढते) रिलीज २१ मध्ये येणार, कुठले बँड वापरायचे त्यातलं बरंच २०२७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरणार, सात गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा तिथं चर्चेला आहे. त्यानंतर मोडेम, मग कारखान्यात चालेल असा मोडेम, मग आपल्या बजेटमधला. ५जीचं पण बघा ना, पहिलं स्टँडर्ड २०१८ चं, कारखान्याला लागणारी खरी कामाची भर २०२० च्या रिलीज १६ मध्ये आणि सेन्सरसाठी स्वस्त असलेलं रेडकॅप २०२२ च्या रिलीज १७ मध्ये. जाहिरात आधी येते, औद्योगिक भाग चार वर्षांनी.

प्रायव्हेट ५जीचं सांगतो. दूरसंचार खात्याचे नियम जून २०२२ चे आहेत, पण स्वतः थेट स्पेक्ट्रम (रेडिओ लहरींचा पट्टा) मागायच्या सर्व्हेला त्यांनी १०० कोटींच्या वर नेटवर्थ असलेल्यांनाच बोलवलं होतं. तुमच्यासाठी मोबाइल कंपनीकडूनच करून घेणं हा मार्ग उरतो, आणि बारा मशीनसाठी ते परवडत नाही. बंदर, मोठी खाण, जिथं गाड्या आपल्या आपण फिरतात तिथं त्याचा पैसा वसूल होतो. हां, एमआयडीसीतल्या वीस पंचवीस युनिटनी संघटनेतर्फे मिळून कंपनीला पत्र दिलं तर आतल्या भागात कव्हरेज सुधारायला ते तयार होतात, माझ्या समोर एका ठिकाणी झालंय.

आणि पत्र्याचं शेड. ३३०० मेगाहर्ट्झचा ५जी पत्र्याला फार अडतो, ७०० किंवा ९०० वाला त्यातल्या त्यात आत येतो, २६ गिगाहर्ट्झचा तर विषयच सोडा. फोनमध्ये एखादं नेटवर्क मोजायचं अॅप टाका आणि आरएसआरपी (सिग्नल किती जोरात येतो त्याचा आकडा, डीबीएममध्ये) बघा. उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेलं तर तिथं सिमवाला डबा लावूच नका. भट्टी चालू असताना आणि क्रेन फिरत असताना मोजा, सुट्टीच्या दिवशी मोजून उपयोग नाही.

---

प्रतिसाद २ (पलूस, मेंटेनन्सला आहे)

वरच्या भाऊंनी रेडिओचं सांगितलं, मी जमिनीवरचं सांगतो. तुमची चूक ३जी घेतलं ही नव्हती हो, मोडेम यंत्राच्या पोटात होता ही होती. या वेळी एकच अट घाला, लॉगरला सिमचा खाच नको. लॉगरमधून इथरनेट बाहेर, तो एका ठिकाणी इंडस्ट्रियल पीसीला, आणि त्या पीसीच्या पुढं राउटर. आज ब्रॉडबँड आणि जोडीला ४जी, उद्या ५जी, आठ वर्षांनी ६जीचा राउटर आला की तेवढाच एक डबा बदलायचा, मशीनला हात नाही. राउटर छतावर नाहीतर ऑफिसच्या भिंतीला, अँटेना बाहेर, म्हणजे पत्र्याचा प्रश्न पण मिटला.

पीसीत डेटा आधी आपल्याच डिस्कवर साठवायचा आणि नेट असेल तेव्हा वर पाठवायचा. पूर आला, टॉवर गेला, तरी हीट नंबर जागेवर. कोटेशनमध्ये लिहून घ्या की डेटा आमचा आणि मॉडबस, ओपीसी यूए, एमक्यूटीटी असले सगळ्यांना चालणारेच प्रोटोकॉल. चार जुन्या मशीनला सिरियल टू इथरनेट कन्व्हर्टर लावा. काय चालू काय बंद ते तरी नक्की मिळतं, प्रोग्राम पण त्याच केबलनं जातो.

भट्टीच्या बाजूनं मात्र तांब्याची केबल नेऊ नका. इंडक्शनचा त्रास होतो, आणि वळवाच्या विजांना आमच्याकडे एकदा पाच पोर्ट एका झटक्यात गेलेत. भट्टी ते ऑफिस फायबर ओढा. आणि क्रेनचा स्टॉप, भट्टीच्या पाण्याचा इंटरलॉक असल्या गोष्टी कितीही भारी नेटवर्क आलं तरी हवेतून नेऊ नका ताई, त्या वायरनंच पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला).

---

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार, काल रात्री पप्पांना सगळं वाचून दाखवलं. मोडेम पोटात नको हे ऐकून ते एवढंच म्हणाले, मोटर आणि पंप आपण कपलिंगनं जोडतो तसंच की हे. एकदम बरोबर आहे ते.

आज दुपारी भट्टी चालू असताना मोजलं. भट्टीपाशी उणे ११६, व्हीएमसीच्या रांगेत उणे १०९, ऑफिसच्या गच्चीवर उणे ८४. म्हणजे तीन वर्षं आम्ही सप्लायरशी भांडत होतो त्यातला अर्धा दोष पत्र्याचा पण असणार.

फॉर्मच्या त्या कॉलमसाठी असं लिहिलंय, बघून सांगा: मशीनपासून ऑफिसपर्यंत फायबर आणि इथरनेट, डेटा स्वतःच्या जागेवर साठवणार, बाहेरच्या जोडणीचा राउटर वेगळा आणि बदलता येणारा, सध्या ब्रॉडबँड आणि ४जी, गच्चीवर ५जी आलं की तो लावणार, हातातल्या स्कॅनरसाठी मशीन शॉपमध्ये वायफाय. ६जीचा शब्द घातलाच नाही.

प्रायव्हेट ५जीवाल्याला आज नाही म्हणून कळवलं. संघटनेच्या मीटिंगमध्ये एकत्र पत्राचा विषय पण मांडणार आहे, शेजारच्या दोन युनिटवाल्यांशी बोलले, त्यांना पण हाच फॉर्म आलाय.

शेवटची एक शंका. भट्टी ते ऑफिस मधे काँक्रीटचा रस्ता आहे, ट्रकचा. तो एकदाच फोडायचा आहे, पप्पा म्हणतात परत परत नको. फायबरसाठी पाइप कुठली टाकू?

---

प्रतिसाद ३ (पलूस)

कॉलम झकास आहे, तसाच पाठवा. दोन इंची एचडीपीई (टणक प्लास्टिकची पाइप), ट्रक जातात म्हणजे तीन फूट तरी खोल, आणि एक नाही दोन टाका. दुसरी रिकामी ठेवायची, आत नायलॉनची दोरी ओढून दोन्ही तोंडं टोपी लावून बंद करायची नाहीतर उंदीर जातात.