लेटरवर बॅलन्स शून्य, तरी वर्षाला २७ हजार डॉलर आपल्यालाच भरायचे? एड लेटर नक्की वाचायचं कसं

ओसरी_एनजे

नमस्कार मंडळी. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, आम्ही ग्रीन कार्डवर आहोत त्यामुळे फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरता आला, आणि आता सगळ्या कॉलेजांची उत्तरं आलीयेत, १ मे पर्यंत एकाला हो कळवायचंय. तिच्या सगळ्यात आवडत्या कॉलेजचं एड लेटर, म्हणजे किती आर्थिक मदत मिळणार ते सांगणारं पत्र, उघडलं तर खाली ठळक अक्षरात बॅलन्स शून्य. ती आनंदाने मैत्रिणींना फोन करायला निघाली तेवढ्यात नवरा म्हणाला थांब, वरच्या ओळी तरी वाचूया. तर एकूण खर्च ५८,३०० डॉलर, त्यातून वजा केलंय कॉलेजची ग्रँट ३१,०००, फेडरल स्टुडंट लोन ५,५००, वर्क-स्टडी २,८००, आणि शेवटी पेरेंट प्लस लोन १९,०००. म्हणजे हे एकोणीस हजाराचं कर्ज आमच्या नावावर, आम्ही ते मागितलेलं नाही, मिळेल की नाही तेही माहीत नाही, आणि ते धरून हिशोब शून्यावर आणलाय.

दुसऱ्या कॉलेजच्या लेटरमध्ये पेरेंट प्लस नाहीये, पण खर्चात फक्त ट्यूशन (शिकवण्याचं शुल्क) आणि इतर फी धरलीये, राहण्याजेवण्याचं काहीच नाही. तिसऱ्याने तर खर्चच लिहिला नाही, स्कॉलरशिपचा आकडा आणि अभिनंदन, बस. तिन्ही कागद शेजारी ठेवले तरी स्वस्त कुठलं ते कळत नाहीये.

हे असं लिहिलेलं चालतं का? काही नियम नाही का? आणि कॉलेजला फोन केला तर नक्की काय विचारायचं? मुलगी सतरा वर्षांची आहे, तिला एवढं मोठं कागदपत्र समजावं अशी अपेक्षा ठेवताय तर निदान सरळ तरी लिहा ना, एवढंच माझं म्हणणं आहे.

---

खिडकीपलीकडून

ताई, मी बरीच वर्षं एका कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमचा हिशोब. फक्त जे परत करायचं नाही ते वजा करायचं, म्हणजे ग्रँट आणि स्कॉलरशिप. ५८,३०० मधून ३१,००० गेले, राहिले २७,३००. ही तुमची खरी किंमत, यालाच नेट प्राइस म्हणतात. लोन हा पैसे भरायचा एक मार्ग आहे, त्याने किंमत कमी होत नाही. वर्क-स्टडी तर लेटरवर दिसते तशी मिळतच नाही, आधी कॅम्पसवर काम शोधायचं, मग केलेल्या तासांचा पगार मुलीच्या खात्यात येतो, सेमिस्टरच्या बिलातून तो आपोआप कापला जात नाही. ऑगस्टमध्ये बिल येतं तेव्हा कितीतरी पालक मला विचारतात की ते २,८०० कुठे गेले.

पेरेंट प्लसचं नीट बघा. त्याला पालकांचं क्रेडिट तपासतात, पैसे हातात येण्याआधी चार टक्क्यांच्या आसपास फी कापली जाते, आणि व्याज मुलांच्या फेडरल लोनपेक्षा जास्त असतं. शिवाय १ जुलै २०२६ पासून नव्याने घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि सगळी वर्षं मिळून ६५,००० अशी मर्यादा आहे. तुमचे १९,००० वर्षाच्या मर्यादेत बसतात, पण तीन वर्षांत ५७,००० होतात, मग चौथ्या वर्षाला फक्त ८,००० उरतात. म्हणजे फी एक पैसा वाढली नाही असं धरलं तरी शेवटच्या वर्षी ११,००० चं भगदाड आहे आणि लेटरमध्ये त्याचा उल्लेख असणार नाही कारण लेटर एकाच वर्षाचं असतं.

नियमांचं विचाराल तर सगळ्या कॉलेजांना एकाच नमुन्यात लेटर द्यायला लावणारा फेडरल कायदा नाहीये. शिक्षण खात्याने कॉलेज फायनान्सिंग प्लॅन नावाचा एक चांगला नमुना केलेला आहे, बहुतेकांसाठी तो ऐच्छिकच आहे. सरकारच्याच जीएओ या तपासणी संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये अहवाल दिला होता, त्यात अंदाजे ९१ टक्के कॉलेजं लेटरमध्ये नेट प्राइस देतच नाहीत किंवा आहे त्यापेक्षा कमी दाखवतात असं निघालं. तेव्हा तुम्हाला आलेली तीन लेटर्स म्हणजे काही अपवाद नाहीत.

कॉलेजला फोन करू नका, ईमेल करा, उत्तर लेखी राहतं. त्यात विचारा की ग्रँट चारही वर्षं मिळणार का आणि त्यासाठी किती जीपीए (सरासरी ग्रेड) लागतो, पहिल्या वर्षी जास्त देऊन पुढे कमी करायची पद्धत आहे का, ट्यूशन वाढली तर ग्रँट वाढते का (बहुतेक ठिकाणी नाही), आणि गेल्या काही वर्षांत ट्यूशन दरवर्षी किती वाढली. दुसऱ्या दोन कॉलेजांकडून पूर्ण कॉस्ट ऑफ अटेंडन्स मागवा, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास सगळं धरून. मग तिन्हीकडे एकच वजाबाकी करा.

---

स्पष्टवक्ता७१

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. लेटरमध्ये पेरेंट प्लस असं स्पष्ट नाव लिहिलेलं होतं, लपवलेलं काहीच नव्हतं. घर घेताना आपण प्रत्येक पान वाचतो ना, मग लाख डॉलरचा खर्च करताना पालकांनी दोन संध्याकाळी बसून वाचायला काय हरकत आहे. आणि नेट प्राइस कॅल्क्युलेटर २०११ पासून फेडरल एड घेणाऱ्या जवळपास प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर असणं कायद्याने सक्तीचं आहे, तो अर्ज करायच्या आधीच वापरता येतो. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी आम्ही तेच केलं, जे परवडणार नाही तिथे अर्जच केला नाही.

---

खिडकीपलीकडून

दादा, कॅल्क्युलेटर सगळ्यांनी वापरावाच, विशेषतः अर्ली डिसिजनने अर्ज करणाऱ्यांनी, कारण तिथे प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात आणि ऑफर्सची तुलना करायला काही उरत नाही. एड पुरेशी नसेल तर त्यातून बाहेर पडता येतं हेही कितीतरी पालकांना कोणी सांगत नाही.

पण वाचायची जबाबदारी पालकांवर टाकणं मला पटत नाही. घराच्या कर्जाचे कागद वाचता येतात कारण ते एका ठरलेल्या नमुन्यात देणं बँकेला बंधनकारक आहे, व्याजदर कुठे आणि एकूण परतफेड किती ते ठरलेल्या जागी असतं. इथे प्रत्येक कॉलेज आपापल्या सोयीने आकडे मांडतं. ज्या घरातलं पहिलंच मूल कॉलेजला चाललंय, आईवडील दोन शिफ्ट करतात, इंग्रजी जेमतेम आहे, त्यांनी बॅलन्स शून्य वाचल्यावर काय समजायचं? मी अशी मुलं दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कॉलेज सोडताना बघितली आहेत, क्रेडिट्स अर्धवट आणि लोन मात्र चालू. कॉलेजकडे खरा आकडा असतोच, मग तो लेटरवर लिहायला किती जागा लागते.

---

एचफोरची_आई

इथे आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी एक गोष्ट सांगते कारण आम्हाला ती कोणीच सांगितली नव्हती. मुलं एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असतील तर फेडरल ग्रँट, फेडरल लोन, वर्क-स्टडी काहीच मिळत नाही, मग मूल इथे पहिलीपासून शिकलेलं का असेना. इन-स्टेट ट्यूशन (राज्यातल्या रहिवाशांसाठीची कमी फी) मिळेल की नाही हे राज्याप्रमाणे बदलतं, तिथल्या कॉलेजला स्वतः विचारावं लागतं.

आणि वेबसाइटवर नीड-ब्लाइंड, म्हणजे प्रवेश देताना पैशाची गरज बघत नाही, असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ना, ते बहुतेक ठिकाणी फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी असतं. बाकीच्यांनी एड मागितली तर त्याचा परिणाम प्रवेशाच्या निर्णयावर होऊ शकतो, कित्येक कॉलेजं तर असंही म्हणतात की पहिल्या वर्षी मागितली नसेल तर पुढे मागताच येणार नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकीच कॉलेजं सगळ्यांना सारखा नियम लावतात, २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन पण त्यात आले. नीड-ब्लाइंड म्हणजे पूर्ण गरज भागवणार असंही नाही, ते वेगळं विचारायचं. बाकीच्या कॉलेजांचा कॉमन डेटा सेट (कॉलेज स्वतः ठरलेल्या नमुन्यात जाहीर करतं ती आकडेवारी) शोधा, त्याच्या एच विभागात बाहेरच्या देशातल्या किती विद्यार्थ्यांना एड दिली आणि सरासरी किती ते लिहिलेलं असतं, अर्ज करायच्या आधी तेवढं एक पान बघितलं तर आमच्यासारख्यांची खूप धावपळ वाचते. भारतातून भाचे-पुतणे अर्ज करत असतील तर त्यांनाही हेच दाखवा.

---

गणिताचा_मास्तर

पैशाबरोबर बाकीच्या आकड्यांकडेही बघा, वर्गात किती मुलं असतात वगैरे जे माहितीपत्रकात छापतात ते. कोलंबिया विद्यापीठातल्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, २०२२ च्या सुरुवातीला आपल्याच विद्यापीठाने कॉलेजांच्या रँकिंगला दिलेले आकडे जाहीरपणे तपासून प्रश्न विचारले. सप्टेंबरमध्ये विद्यापीठाने मान्य केलं की काही आकडे जुन्या किंवा चुकीच्या पद्धतीने काढले होते, आणि त्या वर्षी कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर गेलं. टेंपल विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलचे माजी डीन तर रँकिंगसाठी खोटी माहिती दिल्याबद्दल २०२१ मध्ये कोर्टात दोषी ठरले, त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. मला त्या प्राध्यापकाबद्दल फार आदर वाटतो, आतल्या माणसाने बोलणं सगळ्यात अवघड असतं.

पालकांनी दोनच आकडे मागावेत असं मी सांगतो: पहिल्या वर्षानंतर किती मुलं परत येतात, आणि तुमच्या मुलाच्या विषयात किती जण चार वर्षांत डिग्री घेतात. पाचवं वर्ष लागलं तर वरचा सगळा हिशोब बदलतो. कॉलेज स्कोअरकार्ड या सरकारी साइटवर यातलं बरंच मिळतं, पण विषयाप्रमाणे हवं असेल तर त्या डिपार्टमेंटलाच विचारा.

---

ओसरी_एनजे

सगळ्यांचे मनापासून आभार. तिन्ही कॉलेजांना ईमेल केली. दुसऱ्या कॉलेजचं उत्तर लगेच आलं, राहण्याजेवण्याचं धरून आमची नेट प्राइस २१,४०० होते, ग्रँट चारही वर्षं तेवढीच, जीपीएची अट आहे पण साधी आहे, सगळं स्वच्छ लिहिलंय. आवडत्या कॉलेजने ग्रँटबद्दल लिहिलं की दरवर्षी पुन्हा बघितली जाते, बाकी प्रश्नांना उत्तरच नाही, फोन करा म्हणाले. तिसऱ्याचं अजून यायचंय. मुलीला बसवून तिच्याच हाताने सगळ्या वजाबाक्या करायला लावल्या, ती जरा गप्प झाली पण आता तीच प्रश्न विचारतेय.

अजून दोन शंका. तिला बाहेरची ३,००० ची एक स्कॉलरशिप मिळालीये, ती कळवली तर कॉलेज आपली ग्रँट कमी करतं का? आणि यांची नोकरी जानेवारीत गेली, आता आहे ती कमी पगाराची आहे, फाफ्सात मात्र जुना पगार गेलाय, त्याचं काही होतं का?

---

खिडकीपलीकडून

स्कॉलरशिप कळवावीच लागते. कमी काय करतात ते कॉलेजप्रमाणे बदलतं, काही ठिकाणी आधी लोन आणि वर्क-स्टडी कमी करतात, तसं असेल तर तुमचा फायदाच आहे, काही ठिकाणी सरळ ग्रँट कापतात. मेरीलँडने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांच्या अशा कपातीवर बंधन आणणारा कायदा केला, नंतर आणखी काही राज्यांनी केले. हो म्हणायच्या आधी, लेखी विचारा.

नोकरीचं तर आजच कळवा, उद्यावर टाकू नका. फाफ्सात जुन्या वर्षाचं उत्पन्न असतं, पण परिस्थिती बदलली असेल तर कॉलेजच्या एड ऑफिसरला आकडे बदलायचा अधिकार आहे, याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. नोकरी संपल्याचं पत्र, शेवटची पे-स्लिप, नव्या नोकरीचं ऑफर लेटर, आणि यंदाचं अंदाजे उत्पन्न एका पानावर लिहून तिन्ही कॉलेजांना वेगवेगळं पाठवा, कारण निर्णय प्रत्येकजण आपापला घेतो. पत्रात भावनिक मजकूर फार नको, तारखा आणि आकडे द्या. १ मे च्या आत उत्तर हवंय असं लिहा, आणि उत्तर येणार नसेल तर प्रवेश नक्की करायच्या डिपॉझिटची मुदत वाढवून मागा, मागितली तर बरेचदा देतात.