सामायिक सर्व्हरवर स्वतःचा शोधमार्ग आणि तात्पुरती डिरेक्टरी

प्रश्न : आमच्या लिनक्स सर्व्हरवर अनेक जण एकाच वेळी काम करतात आणि मला प्रशासकाचे अधिकार नाहीत. मी कंपाइल केलेली साधने यंत्रणेतील जुन्या आवृत्त्यांआधी सापडावीत आणि तात्पुरत्या फाइली माझ्याच जागेत राहाव्यात, यासाठी काय करावे?

उत्तर १ : शेल (तुमच्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) पाथमधील, म्हणजे शोधमार्गातील, डिरेक्टऱ्या डावीकडून उजवीकडे तपासते आणि पहिला जुळणारा प्रोग्राम चालवते, म्हणून आपली बिन डिरेक्टरी (जिथे आपले प्रोग्राम ठेवतो ती) प्रोफाइल फाइलमध्ये (लॉगिन करताना शेल वाचते ती फाइल) पाथच्या सुरुवातीला जोडावी. मात्र चालू डिरेक्टरी दर्शवणारा टिंब तेथे कधीही घालू नये (पाथमधील रिकाम्या नोंदीचाही तोच अर्थ होतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही). अन्यथा दुसऱ्याने सामायिक डिरेक्टरीत ठेवलेला त्याच नावाचा प्रोग्राम तुमच्या अधिकारांनिशी चालू शकतो.

उत्तर २ : तात्पुरत्या फाइलींसाठी टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल (तात्पुरत्या फाइली कुठे ठेवायच्या हे सांगणारे) एक्स्पोर्ट करावे, म्हणजे चालवलेल्या प्रोग्रामांना ते दिसते; बरेच प्रोग्राम ते पाळतात, सगळे नाहीत. सर्वांच्या टीएमपी डिरेक्टरीवर सहसा १७७७ ही परवानगी असते (७७७ म्हणजे सर्वांना वापरता येईल अशी, सुरुवातीचा १ म्हणजे स्टिकी बिट), आणि त्यातील स्टिकी बिटमुळे इतरांना तुमची फाइल पुसता येत नसली, तरी ती वाचता येणार नाही याची हमी मिळत नाही. म्हणून स्वतःची डिरेक्टरी ७०० परवानगीने (फक्त मालकाला प्रवेश) तयार करावी. तिचा मार्ग आखूड ठेवा, कारण काही प्रोग्राम तेथे युनिक्स सॉकेट (एकाच यंत्रावरील प्रोग्रामांनी परस्परांशी बोलण्यासाठीची खास फाइल) तयार करतात आणि लिनक्समध्ये त्याच्या मार्गासाठी १०८ बाइटच मिळतात.

प्रश्नकर्ता : दोन्ही बदल केले, पण बॅश (मी वापरतो ती शेल) अजूनही जुनाच प्रोग्राम चालवते.

उत्तर १ : बॅश सापडलेले मार्ग लक्षात ठेवते. ते विसरायला लावण्यासाठी हॅश आज्ञा उणे आर पर्यायासह चालवावी.