मदत हवी आहे: १३ दिवसांपूर्वीचा एचआयव्ही रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर त्यावर किती विसंबायचं?

नमस्कार मंडळी, विषय अवघड आहे पण इथे डॉक्टर आणि लॅबवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय. प्रश्न माझ्या रूममेटच्या कामाबद्दल आहे. एकच विनंती, "तिने हे काम सोडावं" हा सल्ला नको, तो तिला रोज कुणीतरी देतंच.

मी लॉस एंजेलिसजवळ सॅन फर्नांडो व्हॅलीत राहते. माझी रूममेट अडल्ट फिल्म्समध्ये काम करते, इथे ते कायदेशीर आहे. पद्धत अशी की शूटच्या आधी १४ दिवसांच्या आतला एचआयव्ही आणि बाकी एसटीडीचा (लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांचा) रिपोर्ट लागतो, तो पास नावाच्या सिस्टिममध्ये जातो आणि प्रोड्यूसरला फक्त ही व्यक्ती काम करू शकते की नाही तेवढं दिसतं. टेस्टचे पैसे बरेचदा परफॉर्मरच भरतात. कंडोम बहुतेक शूटला नसतो. तर गेल्या आठवड्यात एका छोट्या प्रोड्यूसरने तिला सोबतच्या कलाकाराचा १३ दिवसांपूर्वीचा रिपोर्ट दाखवला, तोही फोनमधला स्क्रीनशॉट, सिस्टिममध्ये दाखवा म्हटलं तर टाळाटाळ, आणि वर "निगेटिव्ह आहे ना, मग प्रॉब्लेम काय". ती शूट सोडून आली. दिवसाचे पैसे बुडाले आणि रात्री मला विचारत होती की मी उगाच घाबरले का. मला उत्तर देता आलं नाही.

मग मी वाचत बसले आणि झोपच उडाली. २००४ मध्ये इथला एक कलाकार ब्राझीलमध्ये शूट करून आला, परत आल्यावरची टेस्ट निगेटिव्ह, त्यावर त्याने काम केलं आणि त्याच्यासोबत काम केलेल्या १३ बायकांपैकी ३ जणींना लागण झाली. तेव्हा टेस्ट महिन्याने व्हायची. २०१३ पासून १४ दिवस केले, पण २०१४ मध्ये परत तेच, १४ दिवसांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट असलेल्या एका कलाकाराकडून सहकलाकाराला लागण झाली. म्हणजे दोन्ही वेळा नियम पाळला होता! हेच मला सहन होत नाही, कारण नियम पाळूनही लागण झाली तर ती परफॉर्मरच्याच अंगावर येते.

कंडोम सक्तीचा करा म्हणावं तर तेही सरळ नाही. २०१२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत मतदानाने सक्ती झाली, पण २०१६ मध्ये राज्यभरासाठी तसाच प्रस्ताव आला तेव्हा खुद्द बऱ्याच परफॉर्मर्सनीच विरोध केला आणि तो पडला. त्यात कुणीही नागरिक केस करू शकेल अशी सोय होती, त्यातून आपली खरी नावं-पत्ते बाहेर येतील ही त्यांची भीती. भीती खरीच होती, २०११ मध्ये हजारो कलाकारांची खरी नावं इंटरनेटवर फुटली होती.

तर मला साध्या भाषेत सांगा, १३ दिवसांपूर्वीचा निगेटिव्ह रिपोर्ट नक्की काय सांगतो, आणि तिने स्वतःसाठी काय करावं?

प्रतिसाद:
ताई, मी आयसीटीसीत (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात) काउन्सेलर होते, आता एआरटी सेंटरला (एचआयव्हीचे उपचार देणाऱ्या केंद्रात) आहे. तुमची मैत्रीण उगाच घाबरली नाही, हे तिला आधी सांगा. विंडो पिरियड (लागण झाल्यापासून ती टेस्टमध्ये दिसेपर्यंतचा काळ) समजावताना मी नेहमी सांगायचे की रिपोर्ट मागचं बोलतो, आजचं नाही. रक्तात थेट व्हायरस शोधणारी टेस्ट (आरएनए, नॅट म्हणतात ती) लागण झाल्यावर १० ते ३३ दिवसांत पकडते. अँटिजेन-अँटिबॉडीवाली, शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केली तर १८ ते ४५ दिवस. म्हणजे १३ दिवसांपूर्वी रक्त दिलं असेल तर त्यानंतरचे १३ दिवस कोरे, आणि रक्त देण्याआधीचे काही दिवससुद्धा कोरेच. त्यात लागण नवीन असते तेव्हा रक्तात व्हायरस सगळ्यात जास्त असतो, म्हणून धोकाही तेव्हाच जास्त. टेस्ट कुठली केली आणि रक्त कधी घेतलं, रिपोर्टवर या दोन गोष्टी बघाच. स्क्रीनशॉट अजिबात चालवून घेऊ नका.

तिने प्रेपबद्दल (लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध) डॉक्टरांशी बोलावं. बायकांनी गोळी रोजच्या रोज घ्यावी लागते, पुरुषांमध्ये शूटच्या आगेमागे घ्यायची जी पद्धत आहे ती बायकांना चालत नाही, आणि पूर्ण संरक्षण यायला साधारण २१ दिवस लागतात. आधी एचआयव्ही, किडनी, हिपॅटायटिस बी तपासतात. आणि कधी शंकेचा प्रसंग आलाच तर ७२ तासांच्या आत पेप (प्रसंगानंतर लागण टाळायला घ्यायची औषधं) सुरू करायचं, जितकं लवकर तितकं बरं, २८ दिवस. सोमवारपर्यंत थांबू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

धागाकर्ती:
खूप खूप आभार ताई. तिला एकेक वाक्य इंग्रजीत करून वाचून दाखवलं, "रक्त देण्याआधीचे काही दिवससुद्धा कोरे" हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. हे तिला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं, क्लिनिकमध्ये फक्त तारीख बघतात म्हणाली. बुधवारची अपॉइंटमेंट घेतलीय. आता अजून एक, रोजची गोळी तिच्याकडून चुकते हे मला माहितीय, तर प्रेपचं इंजेक्शन कॅलिफोर्नियात इन्शुरन्समधून कुणी सुरू केलंय का? नोकरीचा इन्शुरन्स नसलेल्यांना काय करावं लागतं ते कुणाला माहीत असेल तर प्लीज लिहा, इथे नको वाटलं तर व्यनि (खासगी निरोप) केला तरी चालेल.