मदत हवी आहे : औषधांच्या किमतीचं गणित वर्गात कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात बी. फार्मच्या मुलांना शिकवते. औषध ठरवतो डॉक्टर, पैसे मोजतो पेशंट. भाजीमंडईतला मागणी-पुरवठा इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, हे त्यांना पटवायचंय. 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशातलं कमाल किमतीचं सूत्र, दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी आणि वर त्याचे 16 टक्के, मुलांनी पाठ केलं. पण परवा दोन स्ट्रिप टेबलावर ठेवल्या : घटक तोच, मात्रा तीच, एक जनऔषधीची (सरकारी योजनेतल्या स्वस्त औषध दुकानातली), दुसरी महागड्या ब्रँडची. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आजी स्वस्तातली घेणारच नाही. गुण येत नाही म्हणते." या विश्वासाचं अर्थशास्त्र कसं मांडू? मेडिकलवाल्यांनो, नावं झाकून खरेदीची जुनी बिलं वर्गात दाखवायला द्याल का?