जॅझ आणि ब्लूज: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): ख्याल ऐकत वाढलेल्या आमच्या श्रोतेमंडळींना जॅझ आणि ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकारांची ओळख करून घ्यायची आहे. आपली आवडती ध्वनिमुद्रणे कृपया सुचवावीत.

उत्तर: ब्लूज गायिका बेसी स्मिथ यांचे १९२५ मधील 'सेंट लुईस ब्लूज' आधी ऐकावे. प्रत्येक ओळीनंतर लुई आर्मस्ट्राँग यांचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे फुंकवाद्य) गायिकेला उत्तर देतो आणि साथीला चक्क हार्मोनियम असल्यामुळे पेटीला सरावलेल्या कानाला ते गाणे लगेच आपलेसे वाटते.

उत्तर: सहमत आहे. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा १९५९ मधील 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बमही अवश्य ऐकावा. त्यातील 'सो व्हॉट'मध्ये वादक एकाच स्वरसमूहात बराच वेळ रमतात, त्यामुळे आलापीची गोडी असणाऱ्यांना ते भावेल.

उत्तर (सीताबर्डी): ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन यांना विसरू नये. १९३६-३७ मधील त्यांच्या ध्वनिमुद्रणांत एकच गिटार खर्जाचा ठेका आणि वरची सुरावट दोन्ही सांभाळते.