बीजीव्हीची (नोकरीआधीच्या कागदपत्र-पडताळणीची) लिंक आली, अन् रेझ्युमेत सीजीपीए वाढवून लिहिलाय. काय करू?

मानेवाडा_बीई

सरळच सांगतो. नागपूर विद्यापीठातून कॉम्प्युटरमध्ये बीई झालो. खरा सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी ग्रेड, ६.३१. एम-थ्रीचा (गणित-३ चा) राहिलेला बॅक पेपर विंटर, समर, पुन्हा विंटर परीक्षा असा घासत घासत निघाला. पास झाल्यावर आठ महिने घरी बसून होतो. जिथं पाहावं तिथं ६.५ ची अट. मे महिन्यातली दुपार, कूलरचं पाणी संपलेलं, डोकं आधीच तापलेलं. फाईल उघडली अन् ६.३१ च्या जागी ७.१ टाकलं. दोन सेकंदांचं काम. मित्र म्हणालाच होता, 'सगळेच करतात बे.'

मग नागपुरातल्याच मिहानमधल्या एका कंपनीत तीन राउंड झाले. मार्कांचं कोणी विचारलंच नाही. ऑफर लेटर आलं, वर्षाला ३.६ लाख. बाबांनी त्याच संध्याकाळी गल्लीत संत्रा बर्फी वाटली, आत्याला गोंदियाला फोन करून झाला, मी जायच्या आधीच सीताबर्डी ते खापरी मेट्रोचा हिशोबही करून ठेवला.

काल पडताळणी एजन्सीची लिंक आली. आठही सेमिस्टरच्या मार्कशीट, जितके अटेम्प्ट तितक्या. डिग्री. खाली सहीचं संमतीपत्र. मुदत सात दिवस. फॉर्ममध्ये 'एकूण सीजीपीए' असा एक रिकामा रकाना आहे, तो पाहिला की पोटात गोळा येऊन राहिला.

एक मित्र म्हणतो, बर्डीवर एक जण दोन हजारात मार्कशीट 'साफ' करून देतो. दुसरा म्हणतो, टक्क्यांच्या रूपांतरात घोळ झाला म्हणून सांग. तुम्ही सांगा.

खर्रा_सोडला

काऊन बे, तीन राउंड काढायची अक्कल आहे अन् हे सुचलं? बर्डीवाल्याकडे तर जाऊच नको. दोन हजार जातील ते जातील, वरून तुझ्या मार्कशीटची फाईल त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जन्मभर पडून राहील.

पडताळणीवाली

मी मूळची धरमपेठची. पाच वर्षांपासून पुण्यात हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझी मार्कशीट दिसायला कशी आहे यावर आमचं काम थांबत नाही. सीट नंबर आणि वर्ष घेऊन आम्ही विद्यापीठालाच विचारतो, किंवा रेकॉर्ड डिजिलॉकरमध्ये असेल तर तिथून घेतो. आकडा तिकडून येतो. त्यामुळे 'साफ' केलेला कागद कामाचा तर नाहीच, उलट तोच तुला बुडवतो. आज तू फुगवून लिहिलंस एवढंच आहे, ती मार्कशीट अपलोड केलीस की बनावट दस्तऐवज होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. फसवणुकीसाठी बनावटीकरण केलं तर कलम ३३६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि असा कागद खरा म्हणून वापरणं हे वेगळं कलम, ३४०.

आमच्या रिपोर्टला रंग असतात. जुळलं तर हिरवा, किरकोळ फरक असला तर पिवळा, मोठी तफावत असली तर लाल. मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा ६.३१ चं ६.३ लिहिलं, यावरून कोणाची नोकरी गेलेली मी पाहिली नाही. पण तुझ्या बाबतीत फरक ६.५ च्या अटीच्या अलीकडचा-पलीकडचा आहे. निर्णय आम्ही घेत नाही, कंपनी घेते. फॉर्ममध्ये ६.३१ च लिही, आणि फॉर्म पाठवायच्या आधी एचआरला मेल कर.

नंदनवन_क्लासेस

रूपांतराच्या घोळाबद्दल बोलतो, कारण तो घोळ खरा असतो. सीबीएसईच्या दहावीला ९.५ ने गुणायचे, ते लोकांच्या डोक्यात बसलंय. ६.३१ ला ९.५ ने गुणलं तर जवळजवळ ६० टक्के येतात! एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्यात मात्र ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६० साठी ६.७५ लागतात. तू टक्के लिहिले असतेस तर ही सबब चालली असती. पण तू सीजीपीएच लिहिलास. ६.३१ चे ७.१ कोणत्या सूत्रानं होतात ते मलापण शिकव बाप्पा, पोरांना सांगतो.

रेशीमबागवाला

माझं ऐक. मी ५८ चे ६२ टक्के केले होते. रुजू झालो, सहा महिने कोणी काही बोललं नाही, मी विसरूनही गेलो. आठव्या महिन्यात शुक्रवारी दुपारी बोलावलं, लॅपटॉप अन् कार्ड ठेवून घेतलं. बॅगेत डबा तसाच होता, खाल्लापण नव्हता. अनुभवाचं पत्र नाही. पुढच्या ठिकाणी ते आठ महिने गाळून सांगायचे म्हटलं तर पीएफच्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहतो त्या नंबरवर, त्या कंपनीचं नाव दिसते. दोन वर्षं मुलाखतीत तेच सांगत बसलो. रुजू व्हायच्या आधी काय ते होऊ दे.

मानेवाडा_बीई

ताई, मेलमध्ये काय लिहू? टायपिंगची चूक म्हणू?

पडताळणीवाली

नको. ७.१ आणि ६.३१ टायपिंगमध्ये होत नाहीत, एचआर रोज हेच वाचतात. एवढंच लिही: 'माझ्या रेझ्युमेत सीजीपीए ७.१ लिहिला आहे, तो खरा नाही. खरा ६.३१ आहे. तो मी वाढवून लिहिला होता, त्याबद्दल दिलगीर आहे. सर्व मार्कशीट सोबत जोडल्या आहेत.' घरची परिस्थिती, आजारपण वगैरे काही घालू नकोस.

मानेवाडा_बीई (पाच दिवसांनी)

मेल केला. तिसऱ्या दिवशी एचआर मॅडमचा फोन आला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. या भरतीला ६.५ ची अट पक्की आहे म्हणाल्या, ऑफर मागे घेतली. सहा महिन्यांनी दुसरी जागा निघाली तर अर्ज कर, रेकॉर्डवर तू स्वतः सांगितलंस असं राहील. तसं खरंच राहते का, ताईच जाणे.

बाबांना रात्री सांगितलं. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "एम-थ्री एकदाच राहिला होता ना?" त्यांना मी एकदाच राहिला असं सांगितलं होतं.

खर्रा_सोडला

भाऊ, तो ७.१ वाला रेझ्युमे बाकी पोर्टलवर पण पडून असेल. आधी तो बदल.

मानेवाडा_बीई

तीन ठिकाणी बदलला. चौथ्याचा पासवर्ड आठवून नाही राहिला.