मदत हवी आहे: आजीच्या गोंदणाचा नमुना नातीच्या हातावर कसा उतरवावा?

नमस्कार. माझे माहेर शहादा तालुक्यात आहे. माझ्या आईच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे, आणि मेल्यावर बाईच्या सोबत एवढाच दागिना जातो, असे ती आजही ठामपणे सांगते. माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला, त्यातील तुळशीचा नमुना आपल्या हातावर हवा आहे. भाऊ व वहिनी यांचा त्याला विरोध आहे. सोयरीक जुळवताना मुलीच्या टॅटूची चर्चा होईल, अशी त्यांना धास्ती वाटते. ज्या घरात आजीच्या गोंदणाचे कौतुक होते, त्याच घरात नातीची तीच इच्छा उथळ ठरावी, हे मला पटत नाही.

मात्र भाची केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीची तयारी करत आहे, त्यामुळे जागा आणि आकार यांचा विचार करावाच लागेल. उजवा हात सलामीचा असल्यामुळे कोपराखाली गोंदायचे तर डाव्याच हाताच्या आतल्या बाजूला, आणि त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान, असा तेथील वैद्यकीय नियम आहे. आईचा संपूर्ण नमुना त्यात मावणार नाही, हे उघड आहे.

खरी अडचण याहून निराळी आहे. काजळीचे कण कातडीच्या आतल्या थरात वर्षानुवर्षे पसरत गेल्यामुळे जवळजवळचे ठिपके एकमेकांत मिसळले आहेत, आणि मूळचा काळा रंग आता हिरवट-निळा दिसतो. आजचा टॅटू कलाकार छायाचित्रावरून हुबेहूब नक्कल करील, पण ती पुसटलेल्या रेषांची होईल. तुळशीच्या फांद्या किती होत्या, वृंदावनाखाली ठिपक्यांच्या किती ओळी होत्या, हे आईलाही नेमके आठवत नाही. तळोदा, अक्कलकुवा, धडगाव किंवा शिरपूर या भागांत कोणाच्या घरी असे गोंदण अजून स्पष्ट दिसत असल्यास, संबंधित आजींची परवानगी घेऊन नमुना कागदावर रेखाटून द्यावा, ही विनंती.

जत्रेत एकच सुई अनेकांना वापरली जाण्याचा धोका असतो, आणि त्यातून कावीळ ब, कावीळ क व एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून तेथे गोंदवून घेणार नाही. जळगाव किंवा धुळ्यात प्रत्येक वेळी नवी सुई समोर उघडणारे आणि बारीक ठिपक्यांचे काम जाणणारे कोणी असल्यास सुचवावे. तसेच ज्यांनी घरातील असाच विरोध समजुतीने दूर केला आहे, त्यांनी भावाशी बोलताना सुरुवात कोठून करावी, हेही सांगावे.